जुनाट जबडेदुखी आणि कानातला आवाज: कोणाकडे जायचं, काय तपासायचं, कुठे थांबायचं

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की बोटाखाली हाड सरकल्यासारखं जाणवतं. तो खालच्या जबड्याचा सांधा. दोन हाडांमध्ये एक पातळ, लवचिक चकती असते. तोंड उघडताना हाड आधी जागच्या जागी फिरतं आणि मग चकतीसकट पुढे घसरतं. चकती जागेवरून सरकलेली असेल, तर हाड तिच्यावर चढताना ‘टक्’ असा आवाज येतो. हा आवाज पुष्कळांना येतो आणि दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर त्याला उपचार लागत नाहीत. त्रास सुरू होतो तो दुखण्यामुळे, आणि त्यातलं बरंचसं दुखणं सांध्याचं नसून गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंचं असतं.

कानाचा यात संबंध काय? सांध्याला संवेदना देणारी मज्जातंतूची फांदी कानाच्या पुढच्या भागालाही संवेदना देते. गालाच्या स्नायूचा खोल थर दुखावला की दुखतं कानात. मेंदूच्या देठाशी जिथे ऐकण्याचे संदेश पहिल्यांदा पोहोचतात, तिथे जबड्याकडून आणि मानेकडून येणारे संदेशही पोहोचतात. म्हणून काही जणांचा कानातला आवाज, म्हणजे शिट्टी, रातकिडे किंवा घूं, जबड्याच्या हालचालीबरोबर कमीजास्त होतो. याचा अर्थ जबडा बरा झाला की आवाज हमखास जाईल असा नाही. काहींचा बराच कमी होतो, काहींचा तसाच राहतो. ही गोष्ट कोणताही उपचार सुरू करण्याआधी मनाशी स्पष्ट असावी, कारण याच आशेवर सर्वांत महागडे आणि परत न फिरवता येणारे उपचार विकले जातात.

आधी हे नाही ना, ते बघा

एका कानाने अचानक, दोनतीन दिवसांत, ऐकू येईनासं झालं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. तिथे स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, नंतर झपाट्याने घटतो. ‘सर्दीमुळे कान बंद झालाय’ म्हणून थेंब टाकत बसण्यात हा वेळ जातो.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, फक्त एकाच कानात असेल, सोबत चक्कर येत असेल, कान वाहत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर जबड्याचा विचार नंतर. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशीळ दुखू लागलं, केस विंचरताना टाळू हुळहुळते, घास चावता चावता जबडा दमून दुखतो आणि थांबलं की बरं वाटतं, अशी लक्षणं असतील तर रक्तवाहिनीची सूज असू शकते. यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या त्याच दिवशी करून घ्याव्यात. जिना चढताना जबडा दुखत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर हृदयाची तपासणी आधी. विजेचा झटका बसावा तशी क्षणभराची कळ येत असेल, तर तो मज्जातंतूचा वेगळा आजार आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. गुटखा, मावा, खर्रा किंवा नुसती सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं आणि तिखट लागताच तोंड झोंबू लागलं, तर तो सांध्याचा आजार नसून गालाच्या आतल्या कातडीचा आहे. ती कातडी ताठ होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. इथे सांध्याचे व्यायाम करत राहणं म्हणजे निदान लांबवणं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खाणारे आहेत. दंतवैद्याला सवय लपवू नका.

घरी मोजमाप: डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडा

एक वही, एक पट्टी आणि एक आरसा एवढंच लागतं. शाळेतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. ती कापून टाका, नाहीतर दर वेळी चारपाच मिलिमीटर चुकेल. पट्टीचं शून्य खालच्या मधल्या दाताच्या कडेवर टेकवा आणि वरच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत मोजा. दर वेळी तोच दात धरा.

तीन आकडे लिहा. पहिला, न दुखता जेवढं उघडतं तेवढं. दुसरा, दुखलं तरी जास्तीत जास्त उघडून. तिसरा, अंगठा वरच्या आणि मधलं बोट खालच्या दातांवर ठेवून हलक्या हाताने आणखी ताणून. प्रौढ माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. ३५ च्या खाली आलं की तोंड कमी उघडतंय असं समजावं. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा पाचेक मिलिमीटरने किंवा जास्त वाढला, तर अडथळा बहुधा स्नायूंचा असतो. बोटांनी ताणूनही आकडा जागचा हलत नसेल, तर चकती अडकलेली असू शकते. पूर्वी टक् व्हायचं, एके दिवशी आवाज थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड २५-३० मिलिमीटरच उघडतं, असं झालं असेल तर तारखेसकट लिहा. निदानाच्या दृष्टीने ही ओळ सोन्यासारखी आहे आणि अशा अडकलेल्या जबड्याला महिनोन्‌महिने तसंच ठेवू नये.

आरशात बघून तोंड हळू उघडा. हनुवटी एका बाजूला जाऊन परत मधोमध येते, की तिकडेच राहते? तिकडेच राहत असेल तर बहुतेक वेळा त्याच बाजूचा सांधा अडतो आहे.

आता दाबून बघायचं. किती जोराने, हे महत्त्वाचं आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन बोटं दाबून १ किलो म्हणजे किती जोर ते आधी हाताला शिकवा. दाढा एकदा आवळा म्हणजे गालावर स्नायूचा फुगवटा लागेल. आता दाढा सैल सोडा आणि त्या जागी १ किलोच्या जोराने पाच सेकंद दाबा. मग कानशिलावर तसंच. सांध्यावर मात्र अर्धा किलोच. दुखलं, एवढ्याने काही ठरत नाही, कारण जोरात दाबलं की कोणालाही दुखतं. ‘रोज दुखतं ते हेच’ असं वाटतं का, आणि दुखणं कानात किंवा दाढेत उमटतं का, ते लिहा. डॉक्टरही हेच विचारतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेले या आजाराचे आंतरराष्ट्रीय निकष याच ओळखीच्या दुखण्यावर उभे आहेत.

कानातल्या आवाजासाठी रात्री शांत खोलीत बसा. आवाज आत्ता किती, ० ते १० मध्ये लिहा. मग एकेक करून दाढा पाच सेकंद आवळा, खालचा जबडा पुढे काढा, डावीउजवीकडे सरकवा, तोंड पूर्ण उघडा, मान दोन्ही बाजूंना वळवा, कपाळावर तळवा ठेवून डोकं त्याविरुद्ध दाबा. प्रत्येक वेळी आवाज वाढला, घटला की सूर बदलला ते नोंदवा. कानात आवाज येणाऱ्या पुष्कळांचा आवाज असा थोडाफार बदलतो, त्यामुळे हा पुरावा नाही. पण जबडा जास्त दुखतो त्याच दिवशी आवाजही चढतो, दोन्ही एकाच सुमारास सुरू झाले आणि आवाज दुखऱ्या बाजूलाच आहे, असं सगळं जुळत असेल तर जबड्याच्या उपचाराने कानाला फरक पडण्याची शक्यता वाढते.

कोणाकडे, कोणत्या क्रमाने

इथेच माणसं वर्षानुवर्षं फिरतात. कानाचे डॉक्टर म्हणतात कान ठीक आहे, दंतवैद्य म्हणतात दात ठीक आहेत, मेंदूचे डॉक्टर म्हणतात ताण आहे. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण सांधा आणि स्नायू कोणी चाचपलेलेच नसतात.

कानात आवाज असेल तर पहिली भेट कान-नाक-घसा डॉक्टरांची. कानात मळ नाही ना ते बघून घ्या. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी आणि टिम्पॅनोमेट्री म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी करून घ्या. आवाज एकाच बाजूला असेल किंवा दोन कानांच्या ऐकण्यात फरक असेल, तर श्रवण-नसेचा एमआरआय सांगतात, आणि तो टाळू नये. ऑडिओमेट्री बंद, आवाजरोधक केबिनमध्ये व्हायला हवी. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणीची चांगली सोय आहे.

दुसरी भेट जबड्यासाठी. नेहमीच्या दंतवैद्याने किडलेली किंवा तडा गेलेली दाढ नाही ना एवढं बघावं, आणि मग ‘ओरल मेडिसिन’ म्हणजे तोंडाच्या आजारांच्या किंवा मुखशल्यचिकित्सा विभागाकडे पाठवावं. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हे विभाग एकाच छताखाली आहेत. ओपीडीला सकाळी लवकर पोहोचा. केसपेपर काढताना नुसतं ‘दाढ दुखते’ म्हणालात तर दाढेच्या रांगेत जाल. ‘जबड्याचा सांधा दुखतो, तोंड अमुक मिलिमीटर उघडतं’ असं सांगा.

सोबत एका पानाचा गोषवारा न्या: कधी सुरू झालं, मोजलेले आकडे, आतापर्यंतची औषधं, अपघात किंवा लांबलेलं रूट कॅनल, झोप, घोरणं. मनाच्या औषधांचा उल्लेख संकोच न करता करा. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रॅलिन, फ्लुऑक्सेटिन यांनी काहींना दात आवळायची सवय लागते. ती स्वतःहून बंद मात्र करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

चांगल्या तपासणीत डॉक्टर तोंड किती उघडतं ते मोजतात, जबडा बाजूला किती सरकतो ते बघतात, स्नायू आणि सांधा दोन्ही बाजूंनी दाबतात, गालाच्या आत बघतात. यातलं काहीही न करता पाच मिनिटांत दातांवर घालायची महागडी पट्टी, दातांना तारा किंवा ‘चावा जुळवण्यासाठी’ दात घासायचा सल्ला मिळाला, तर धन्यवाद म्हणून उठावं आणि दुसरं मत घ्यावं.

फोटोंबद्दल थोडक्यात. ओपीजी हा साधा एक्स-रे दात आणि हाडाची ढोबळ स्थिती दाखवतो. हाड झिजल्याची शंका असेल तर सीबीसीटी, म्हणजे हाडाचा त्रिमितीय स्कॅन. चकती फक्त एमआरआयमध्ये दिसते, आणि तो तोंड मिटून व उघडून असा दोन्ही प्रकारे काढावा लागतो. पण काहीच त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही चकती सरकलेली दिसते. म्हणून रिपोर्ट वाचून घाबरू नका. तोंड अडकलं असेल किंवा पुढची पायरी रिपोर्टवर अवलंबून असेल, तरच तो काढावा.

पहिले सहा आठवडे

सर्वांत जास्त फरक इथे पडतो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं, कारण यात विकत घेण्यासारखं काही नाही.

जबड्याची विश्रांतीची अवस्था एकच: ओठ मिटलेले, दाढा एकमेकींना न टेकलेल्या, जीभ वर. ‘न’ म्हणा. उच्चार करताना जिभेचं टोक टाळूला जिथे टेकतं, तिथेच ते राहू द्या. खाताना आणि गिळताना सोडून दिवसभरात वरच्या आणि खालच्या दाढा टेकायचं कारण नाही. तरी संगणकासमोर, गाडी चालवताना, भाजी चिरताना त्या आवळलेल्या सापडतात. मोबाइलवर दर तासाला हलकी घंटा लावा. ती वाजली की फक्त बघा: दाढा टेकल्यात का? टेकल्या असतील तर ‘न’, एक लांब श्वास, खांदे खाली. दुसऱ्या आठवड्यापासून घंटेशिवायही लक्षात येऊ लागतं.

जेवण मऊ, पण पातळ पेजेवर महिनाभर राहायचं नाही. स्नायूला हलकं काम हवंच. खिचडी, वरणभात, आमटीत कुस्करलेली भाकरी, दुधात भिजवलेली पोळी, शिजलेल्या भाज्या, अंडं, मासे चालतील. उसाचे करवे, चिक्की, कडक पेरू, कणीस, भाजलेले शेंगदाणे, च्युइंगम आणि सुपारी बंद. वडापाव मोठा घास घेऊन खाऊ नका, तुकडे करा. दोन्ही बाजूंनी चावा. एकाच बाजूने चावत राहिलं तर दुसरीकडचा सांधा ताणला जातो.

जांभई येताना जीभ टाळूला लावून हनुवटीखाली मूठ धरा. पालथं झोपू नका, हात गालाखाली घेऊ नका. मोबाइल खांदा आणि कानात धरून बोलणं पूर्ण बंद.

शेक: ओला गरम टॉवेल गालावर आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनतीनदा. नुकतंच अचानक दुखावलं असेल, सूज असेल, तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं. थेट कातडीवर नाही.

व्यायाम शेकानंतर करा. जीभ टाळूला लावून, ती न सोडता, तोंड जेवढं उघडेल तेवढं हळू उघडायचं आणि मिटायचं, सहा वेळा. आरशात हनुवटी सरळ रेषेत राहते ना ते बघा. मग हनुवटीवर बोट ठेवून अगदी हलका विरोध देत उघडणं, मिटणं आणि बाजूला सरकवणं, प्रत्येकी सहा सेकंद. मान मागे ओढून ‘दुहेरी हनुवटी’ करायची, सहा वेळा. हे दिवसातून चारसहा वेळा. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढून अर्ध्या तासात ओसरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलं असेल, तर जोर निम्म्यावर आणा. इथे चूक होते ती उत्साहाने. सांधा टक् होईपर्यंत उघडत राहणं, ‘कडकड काढणं’, हे व्यायाम नाहीत, ती दुखापत आहे.

औषधं डॉक्टरांना विचारून. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण नसेल, तर आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ जेवणानंतर दिवसातून तीनदा, ५ ते ७ दिवस, ठरलेल्या वेळी घ्यायला सांगतात. दुखलं की एक अशी कधीमधी घेण्याने सूज उतरत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि या गटातल्या गोळ्या मोठ्या मात्रेत स्वतःच कानात आवाज आणू शकतात, म्हणून आवाज वाढला तर लगेच कळवा. स्नायू सैल करणाऱ्या जोडगोळ्या, विशेषतः थायोकोल्चिकोसाइड असलेल्या, आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नयेत आणि गरोदरपणात अजिबात नाहीत. दुखणं जुनं असेल आणि झोप मोडत असेल, तर डॉक्टर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ पासून सुरू करतात. परिणाम दिसायला दोनतीन आठवडे लागतात आणि तोंड कोरडं पडतं, हे आधी माहीत असलं की गोळी मध्येच सोडली जात नाही.

फरक पडला नाही तर

सहा आठवड्यांनी वही उघडा. आकडे सुधारत असतील तर तेच पुढे. नसतील, तर जबड्याचं काम येणारा फिजिओथेरपिस्ट शोधा. फोनवरच विचारा: तोंडाच्या आतून हातमोजा घालून स्नायू सोडवता का? फक्त मशीन लावून २० मिनिटं झोपवणार असतील तर तिथे जाऊ नका. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जुनाट जबडेदुखीसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यात सर्वांत वरचं स्थान आहे देखरेखीखालच्या व्यायामाला, हाताने सांधा आणि स्नायू सोडवण्याला आणि दुखण्याशी वागायची पद्धत बदलणाऱ्या मानसोपचाराला, म्हणजे सीबीटीला. ‘दुखणं मनाचं आहे’ असा याचा अर्थ नाही. महिनोन्‌महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते, आणि ती शांत करायचा तो एक मार्ग आहे.

रात्री दातांवर घालायच्या पट्टीबद्दल याच शिफारशींचा सूर सावध आहे: सरसकट देऊ नका. आमच्या मते झोपेत दात खाणाऱ्याला, दात झिजत असतील तर, ती जरूर द्यावी, पण योग्य प्रकारची. कडक अ‍ॅक्रिलिकची, एका जबड्याचे सगळे दात झाकणारी, साधारण दोनतीन मिलिमीटर जाडीची, फक्त रात्री. घातल्यावर समोरच्या जबड्याच्या दाढा दोन्ही बाजूंना एकाच वेळी, सारख्या टेकल्या पाहिजेत. डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन हे तपासतात आणि घासून जुळवतात. एकदोन आठवड्यांनी पुन्हा जुळवावं लागतं. ती भेट नसेल तर पट्टी अर्धवट आहे. मऊ रबरी पट्टी काही जण च्युइंगमसारखी चघळतात आणि सकाळी जास्त दुखतं. फक्त पुढच्या दातांवर बसणारी पट्टी महिनोन्‌महिने वापरली तर मागच्या दाढा वाढून चावा बदलतो. सकाळी पट्टी काढल्यावर दाढा नेहमीसारख्या टेकायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर वापर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल, तर आधी झोपेची तपासणी.

तोंड अडकलेलं असेल आणि व्यायामाने सुटत नसेल, तर सांधा धुणं हा पर्याय आहे. जागा बधिर करून दोन सुया सांध्याच्या वरच्या कप्प्यात घालतात, एकीतून सलाइन सोडतात, दुसरीतून बाहेर येतं. त्याच दिवशी घरी जाता येतं, पण व्यायाम लगेच सुरू केले नाहीत तर उघडलेलं तोंड परत आखडतं. नुसत्या स्नायूदुखीसाठी हे करू नये. बोटॉक्सचा परिणाम तीनचार महिन्यांत उतरतो, खर्च मात्र दर वेळी होतो. जबड्याच्या हाडावर त्याचा काय परिणाम होतो याची शंकाही मिटलेली नाही. मोठी शस्त्रक्रिया हाड जुळून गेलेला सांधा किंवा गाठ यासारख्या मोजक्या कारणांसाठीच.

दात घासून चावा बदलणं, सगळ्या दातांवर कॅप बसवणं, या दुखण्यासाठी तारा लावणं, निरोगी अक्कलदाढ काढणं: जबडेदुखीवर यांना नाही म्हणा. घासलेला दात परत येत नाही.

आवाज उरलाच तर

कानातला आवाज मुळापासून घालवणारी सिद्ध झालेली गोळी नाही. आपल्याकडे बीटाहिस्टिन सर्रास लिहून दिली जाते. ती चक्करेच्या काही आजारांत वापरतात, पण नुसत्या कानातल्या आवाजासाठी देऊ नये असं उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. गिंको या वनस्पतीच्या आणि झिंकच्या गोळ्यांचाही उपयोग सिद्ध झालेला नाही.

उपयोग कशाचा होतो? ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राचा. बाहेरचे आवाज नीट पोहोचू लागले की आतला मागे पडतो. रात्री पूर्ण शांतता नको. पंखा किंवा पावसाचा आवाज कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमी ठेवा, झाकून टाकण्याइतका मोठा नको. आवाज ऐकू येत राहूनही त्याची भीती कमी करायला सीबीटी सर्वांत भरवशाचं. झोप उडाली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

दुखणं उलटून येतं, बहुतेकदा परीक्षा, लग्नकार्य, रात्रपाळी किंवा लांबलेल्या दाताच्या कामानंतर. त्या वेळी नवा डॉक्टर शोधू नका. दोन आठवडे मऊ जेवण, शेक, घंटा आणि सहा-सहाचे व्यायाम परत सुरू करा. दातांचं मोठं काम ठरलं असेल तर आधीच सांगा: बैठका छोट्या ठेवा, दर दहापंधरा मिनिटांनी तोंड मिटू द्या, तोंड उघडं ठेवायला रबरी ठोकळा द्या. या दोन आठवड्यांत तोंड उघडण्याचा आकडा पाच मिलिमीटरने घटला किंवा नवी लक्षणं दिसली, तर वही घेऊन थेट दंत महाविद्यालयाच्या त्याच विभागात जा.